काट्यावरची वीट

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

नापास! अक्काला माझं यकृत चालणार नाही. निदान आज तरी नाही.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तीन दिवस घातले. रक्त काढलं, सोनोग्राफी झाली, त्या मशीनच्या बोगद्यात अर्धा तास श्वास धरून पडलो. रक्तगट जुळला, सगळं जुळलं, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "गोकुळराव, तुमच्याच यकृतात एकतीस टक्के चरबी आहे. ती दहाच्या आत आणा. दहा-अकरा आठवडे आहेत आपल्याकडे. आठ-नऊ किलो वजन उतरवा, मग परत बघू."

मी कधी दारूला शिवलो नाही. अक्का तर सोडाच. तरी तिचं यकृत आक्रसून दगड झालं – याच चरबीपायी, वर साखरेचा आजार. वीस वर्षं आतल्या आत चाललं होतं म्हणे. आम्हाला कळलं ते पोटात पाणी झाल्यावर.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. "चालणार नाही" हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. लिफ्टमध्ये दाजी – अक्काचे यजमान रामहरी – कपाळाला हात लावून उभे होते. मी त्यांच्या मागं. आरशात बघितलं तर माझ्या तोंडावर हसू! पटकन खोकल्यासारखं केलं.

१३ ऑगस्ट

हॉस्पिटलनं वही दिलीय – रोज काय खाल्लं ते लिहायचं. ती वही माझी बायको दिपाली बघणार, डॉक्टर बघणार. ही दुसरी. मी चालवतो त्या दूध संकलन केंद्रावरच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं. ही दुधाची फॅट मोजायच्या मशीनच्या खाली ठेवतो, तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

काल एक राहिलं. तपासणीच्या आधी एका मॅडमनी मला एकट्याला खोलीत बसवलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "कुणाचा दबाव आहे का? मनातून नको असेल तर आत्ता सांगा. आम्ही घरच्यांना फक्त 'बसत नाही' एवढंच सांगू. कारण कधीच कुणाला कळणार नाही."

इतका सरळ दरवाजा उघडून दिला त्यांनी! आणि मी छाती फुगवून काय म्हणालो? "मॅडम, अक्कानं मला आईच्या जागी वाढवलंय. यकृतच काय, जीव मागितला तरी देईन."

लाज वाटते. भित्र्यापेक्षा मोठ्या तोंडाचा भित्रा वाईट.

१८ ऑगस्ट

वजन ९२.४. केंद्रावरच्या दुधाच्या काट्यावरच केलं. दिपाली समोर उभी राहिली आणि तिनं घरच्या कॅलेंडरवर आकडा टाकला. दर सोमवारी टाकणार.

साखर बंद. भात बंद. दोन वेळा ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सकाळी कालव्याच्या कडेनं पाच किलोमीटर. सगळ्या वडगावला कळलंय. दूध घालायला येणारा प्रत्येक माणूस पोटाकडं बघतो. म्हस्कूआबा तर बोलल्याशिवाय राहतच नाहीत. "काय गोकुळ, उतरलं का न्हाय टायर?" मग कॅन ठेवता ठेवता आवाज खाली आणून, "बाकी, लिव्हर म्हंजी... कौसल्या घेत-बित हुती काय रं?"

मी म्हणायला हवं होतं – आबा, तोंड सांभाळा. म्हणालो, "फॅट चार पॉइंट पाच लागली तुमची." आबा खूश होऊन गेले.

२१ ऑगस्ट

आज खाल्लं. सँपलचं दूध.

प्रत्येकाच्या दुधातून फॅट बघायला वाटीभर काढायचं आणि उरलेलं केंद्र चालवणाऱ्यानं न्यायचं, हा इथला रिवाज माझ्या आधीपासूनचा. दोन्ही वेळचं मिळून तीन-चार लिटर होतं. किटली भरून घरी जाते. पोरं पितात, दिपाली विरजण लावते. त्यातलंच अर्धा लिटर केंद्रावरच्या गॅसवर आटवलं, मूठभर साखर टाकली आणि पातेल्यातनं चमच्यानं खाल्लं. उभ्यानं. दाराकडं तोंड करून, म्हणजे कुणी आलं तर दिसावं.

भूक नव्हती. हे लिहून ठेवतो. भूक अजिबात नव्हती.

२५ ऑगस्ट

९२.९! वाढलं!

दिपाली यायच्या आधी मी एकटाच काट्यावर चढलो होतो. आकडा बघून घाम फुटला. मग जे सुचलं ते चौदा वर्षं काटा हाताळणाऱ्यालाच सुचेल. अर्धी वीट काट्यावर ठेवली, बटण दाबून काटा शून्य केला, वीट काढली आणि उणे आकडा कुणाला दिसायच्या आत वर चढून उभा राहिलो. दिपालीला हाक मारली. ९१.४.

ती म्हणाली, "बरंय की. उतरतंय." आणि कॅलेंडरवर लिहायला गेली.

चौदा वर्षांत कुणाच्या दुधाचं दहा ग्रॅम कमी धरलं नाही. बायामाणसं डोळे मिटून कॅन ठेवतात माझ्या काट्यावर. त्याच काट्याला मी वीट लावली. कशासाठी? तर माझं पोट कुणी फाडू नये म्हणून. हे स्पष्टच लिहितो, नाहीतर ही वही पण त्या वहीसारखी व्हायची. मला वजन उतरवायचंच नाही. चरबी राहिली तर मी सुटतो.

१ सप्टेंबर, गौरीजेवण

निरवांगीला गेलो. अक्काच्या गौरी.

ती पलंगावर बसून होती. हातपाय काड्या, पोट तेवढं पुढं आलेलं. डोळे पिवळे. तिनं गौरी दिपालीकडून सजवून घेतल्या, बसल्या जागेवरनं हुकूम सोडत – "मुखवटा वाकडा बसलाय, डावीकडं घे." आवाज अजून तोच.

जेवायला बसलो तर पुरणपोळी माझ्या ताटात नाही. अक्कानं सोनलला – शेजारच्या सुनेला – आधीच बजावलं होतं. "गोकुळच्या ताटात भाकरी. त्याला पोळी वाढशील तर माझ्याशी गाठ हाय."

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, अक्का तेरा. रोजच्या दुधावरची साय आबा – आमचे वडील – आम्हा दोघांत वाटून द्यायचे. ती तिच्या वाटची पण माझ्या भाकरीवर घालायची. "मला न्हाय आवडत," म्हणायची. मोठा झाल्यावर कळलं, तिला साय फार आवडते.

निघताना तिनं हात धरला. "गोकुळ, तुला भ्या वाटतंय का रं?"

"न्हाय अक्का. कशाचं भ्या?"

"वाटलं तर सांग. म्या राग धरायची न्हाय."

"न्हाय म्हन्लं की!" असं खेकसलो तिच्यावर. आजारी बाईवर!

५ सप्टेंबर

भीती कशाची ते एकदा लिहून टाकतो. डॉक्टरांनी मानेच्या शिरांची पण सोनोग्राफी केली होती. म्हणाले, "रक्तवाहिनीच्या आत थर धरायला सुरुवात झालीय. ठिबकच्या नळीत क्षार बसतो ना, तसं. यकृतातली चरबी तिथंच बसून राहत नाही. शिरा कडक करते. अशा माणसाला यकृताच्या आधी हृदय दगा देतं." मग हसून, "घाबरू नका. आत्ता ऑपरेशनला धोका नाही. चरबी उतरवली तर शिरा पण सुधारतात. म्हणजे बहिणीला वाचवता वाचवता तुम्ही पण वाचाल."

मी फक्त पहिला अर्धा भाग घरी घेऊन आलो.

आबा बावन्नाव्या वर्षी उसाला पाणी देता देता बसले ते उठलेच नाहीत. असंच पोट होतं त्यांचं. लोक कौतुकानं म्हणायचे, खात्यापित्या घरचा माणूस! मला ऑपरेशनचं टेबल डोळ्यापुढं आलं की त्यावर आबा दिसतात.

८ सप्टेंबर

अख्खी वीट. ९० किलो.

१२ सप्टेंबर

पितृपंधरवडा. चार दिवसांत पाच घरची जेवणं. पितरांच्या जेवणाला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्यांना पटतं – दिपालीलासुद्धा. खीर, वडे, कढी, परत खीर. प्रत्येक घरी मी आधी "नको नको" म्हणतो, मग लोक आग्रह करतात, मग मी खातो. खरं म्हणजे मी आग्रहाची वाटच बघत असतो.

हॉस्पिटलच्या वहीत लिहिलं: एक भाकरी, मेथी, ताक.

१५ सप्टेंबर

दीड वीट. दिपालीनं ८८.९ लिहिलं.

तिच्या भाकऱ्या हल्ली फार मऊ होतात. दुसऱ्या दिवशीसुद्धा वाकवली तरी तुटत नाहीत. मी कौतुक केलं तर म्हणाली, "ज्वारी नवीन हाय." आणि भांडी घासायला गेली. माझ्यासारख्या खोटारड्यासाठी इतकं मन लावून करते.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

प्रगती आली होती. अक्काची लेक, एकवीस वर्षांची, बारामतीत शिकते. कॉलेजवरनं सरळ केंद्रावर. मी फॅट काढत होतो, ती स्टुलावर बसली.

"मामा, एक सांगायचंय. आईला सांगू नका. मी पण तपासून घेतलं. मी बसते."

माझ्या हातातली सँपलची बाटली तशीच राहिली.

"तुमचं झालंच नाही वेळेत, तर मी आहे. बाबांना माहितीय. आईनं ऐकलं तर घर डोक्यावर घेईल. तिचं एकच – लग्नाच्या पोरीच्या पोटावर एवढा मोठा व्रण, कोण करणार तुला!" आणि हसली. "म्हणून तुमच्यावर सगळी मदार आहे आईची. हे बघा."

मोबाइल पुढं केला. दिपाली कॅलेंडरचा फोटो दर सोमवारी तिला पाठवते आणि प्रगतीनं त्याचा आलेख केलाय. माझ्या वजनाची रेघ, खाली खाली उतरणारी. "आईनं हा फोनवर ठेवलाय. पाणी काढायला हॉस्पिटलात जाते ना, तिथं सगळ्या नर्सना दाखवते. माझा भाऊ बघा म्हणते."

चहा पण न घेता गेली ती. बसची वेळ झाली होती.

आता खरं लिहितो, मग हात झडला तरी चालेल. तिनं "मी बसते" म्हटलं त्या क्षणी मला आधी परत बरंच वाटलं. म्हणजे अक्का वाचणार आणि मी पण सुटणार! पोरगी मोबाइल काढेपर्यंत, एवढाच वेळ. मग ती रेघ बघितली. माझ्या विटांची रेघ!

२३ सप्टेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. जेवलो नाही. त्याचं पण केंद्रावर कौतुक झालं – "गोकुळ नवरात्राचा उपवास करतोय."

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी शस्त्रपूजेला काटा, फॅट मशीन, कॅन सगळं पुसून मांडलं. दिपाली काट्याला हळदकुंकू लावायला वाकली. कोपऱ्यात त्या विटा, गेल्या सोमवारपासून दोन अख्ख्या. तिनं विटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग काट्याला कुंकू टेकवलं. मला वाटलं, विटेचं काय कळणार तिला, वीट ती वीट.

ती घरी गेल्यावर दोन्ही विटा पिशवीत घातल्या, कालव्यावर गेलो आणि पाण्यात टाकल्या. मग एकटा काट्यावर चढलो. कोरा काटा, शून्यावरनं. ९३.२. कॅलेंडरवर ८७.५ आहे.

कुणाला सांगायचं धाडस नाही. ठरवलं असं – खोट्या आकड्याला खऱ्या वजनानं जाऊन गाठायचं. तोवर दिपालीला सांगायचं, आता तू नको येऊस, मीच आकडा सांगतो. आकडा साडेसत्त्याऐंशीवरच घोटाळत ठेवायचा. चार आठवडे आहेत. या वेळी खरंच.

६ ऑक्टोबर

सकाळी सात, संध्याकाळी चार किलोमीटर. सँपलच्या दुधाला तोंड लावलं नाही. किटली जशीच्या तशी घरी. पोटात आग पडते, पण ती आग बरी वाटते.

दिपालीला "८७.४" सांगितलं. तिनं मान डोलावली.

१३ ऑक्टोबर

९२.०. खरं! एक किलो वीस तोळे... जाऊ दे, एक किलोच्या वर उतरलं! मला आरडाओरडा करावासा वाटला, पण सांगणार कुणाला? खरी गोष्ट घडली तर ती पण लपवायची वेळ आणलीय मी स्वतःवर.

इतकं चालून याहून जास्त उतरायला हवं होतं. आहारात काय चुकतंय कळत नाही. घरचीच भाकरी, घरचीच आमटी. दुसरं काही तोंडात जात नाही. तिसरी भाकरी पण बंद केली.

म्हस्कूआबांनी आज परत विचारलं, अक्का घेत होती काय. या वेळी सांगितलं. "आबा, आमच्या अक्कानं आयुष्यात चहाशिवाय काही घेतलं न्हाय. चरबीनं बी लिव्हर जातं. तुमचं पोट बघा, माझं बघा, आणि एकदा तपासून या." म्हस्कूआबा रागावले. रागावू देत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

निरवांगी. अक्काला उठवेना. प्रगतीनं तिचा हात धरला आणि दोघींनी मिळून ओवाळलं. निरांजन हलत होतं.

"काय घालू ओवाळणी?" मी विचारलं.

"तू देतूयास की." पोटावर हात ठेवून म्हणाली. "आता आनि काय मागू?"

भीती आहे अजून. पण आज पहिल्यांदा असं वाटलं की भीतीसकट टेबलावर झोपता येईल. आबांना झोपता आलं नाही, त्यांना कुणी शिरांचं सांगितलंच नव्हतं. मला सांगितलंय. अक्काला तिथंच सगळं सांगून टाकावं असं मनात आलं – वीट, बासुंदी, सगळं. मग वाटलं, मंगळवारचा रिपोर्ट येऊ दे. चांगला रिपोर्ट हातात घेऊन सांगेन. तेव्हा ती हसेल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

चोवीस टक्के.

डॉक्टर हॉस्पिटलची वही उलटसुलट करून बघत होते. "वहीप्रमाणे खाल्लं असेल तर एवढी राहायला नको. वजन पण कॅलेंडरच्या फोटोत वेगळं, इथं वेगळं." मी सांगून टाकलं – सप्टेंबरपर्यंत खोटं लिहिलं. विटेचं पण सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "पण ऑक्टोबर?"

ऑक्टोबर खरा आहे, डॉक्टर! अंबाबाईची शपथ, ऑक्टोबर खरा आहे!

त्यांना पटलं नाही. का पटावं?

अक्काला आता थांबायला वेळ नाही. आठवड्याला पाणी काढावं लागतंय, रक्त पातळ झालंय. प्रगतीचं ठरलं – सहा नोव्हेंबर. दाजी माझ्याशी नीटच बोलले. "तू प्रयत्न केलास, गोकुळ." प्रगतीनं खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर! अक्काला सांगितलं तेव्हा मी बाहेर होतो. ती ओरडली नाही म्हणे. भिंतीकडं तोंड करून पडली.

३० ऑक्टोबर

दिपालीला सगळं सांगितलं. विटांचं, सँपलच्या बासुंदीचं आणि मग ऑक्टोबरचं. ती चुलीपुढं बसली होती, परातीत पीठ.

मग म्हणाली, "वीट म्या पयल्याच आठवड्यात बघितली हुती. मला वाटलं, तुमाला बी नकोच हाय, तोंडानं म्हनता येईना. आपली पोरं ल्हान. मंग म्या बी हातभार लावला." परातीतल्या पिठाकडं बोट केलं. "रोज पिठात लोण्याचा गोळा. आमटीत बी. तुमी सुदारलाय हे मला कुठं ठावं! कॅलेंडरवर तर तेच लिवाय सांगत हुता."

चौदा वर्षं फॅट काढतोय मी. भाकरीतली कळली नाही.

"एवढं लोणी कुठलं?" मी विचारलं.

"तुमीच आणता की रोज किटलीत. सँपलचं."